‘इलमॅटिक’ ऐकायचा कसा: नवख्या कानांसाठी

हिप-हॉप ऐकायला सुरुवात करायची आहे, असं कुणाजवळ बोललात की पाच मिनिटांत ‘इलमॅटिक’चं नाव निघतंच. नाझ या न्यूयॉर्कच्या रॅपरचा हा पहिला अल्बम. १९ एप्रिल १९९४ ला कोलंबिया रेकॉर्ड्सने तो बाजारात आणला, तेव्हा नाझ २० वर्षांचा होता. ट्रॅक १०, त्यातला पहिला नुसती प्रस्तावना, आणि सगळं मिळून ४० मिनिटंही भरत नाहीत. ‘आजवरचा सर्वोत्तम रॅप अल्बम’ वगैरे ऐकून माणूस मोठ्या उत्सुकतेने हेडफोन लावतो, एकदा ऐकतो आणि मनात म्हणतो: बरं आहे, पण एवढं काय आहे यात?

प्रश्न रास्त आहे. गुणगुणता येईल अशी चाल यात जवळपास नाही. ध्रुवपद असलंच तर दोन-चार ओळींचं. बोलणं वेगात, बोली न्यूयॉर्कमधल्या एका वस्तीची आणि तीही ३० वर्षांपूर्वीची. आपला कान गाण्यात आधी चाल शोधतो. ती सापडली नाही की बाकीचं सगळं कानावरून जातं. म्हणून माझा सल्ला असा की हा अल्बम निदान सुरुवातीला तरी पहिल्या ट्रॅकपासून सरळ ऐकू नका. आधी साज ऐका, मग आवाज, मग शब्द, आणि अख्खा अल्बम सगळ्यात शेवटी. रोज अर्धा तास काढलात तर आठवड्याभरात होतं.

आधी नीट प्रत निवडा

अ‍ॅपवर शोधलंत तर एकाच नावाच्या दोन-तीन आवृत्त्या दिसतील. १० वर्षांनंतरची, २० वर्षांनंतरची, जादा रीमिक्स जोडलेली. त्या सगळ्या बाजूला ठेवा आणि मूळ १० ट्रॅकवाली घ्या. जोड-गाण्यांमुळे अल्बमची लांबी वाढते, आणि या अल्बमची अर्धी ताकद त्याच्या आटोपशीरपणात आहे.

दुसरं, शिव्या गाळलेली ‘क्लीन’ आवृत्ती घेऊ नका. शिव्यांची आवड असो-नसो, पण गाळलेल्या जागी आवाज गप होतो, यमकाची साखळी तुटते आणि ठेका अडखळतो. घरात लहान मुलं असतील तर हेडफोन लावा. तसेही हेडफोन लागणारच आहेत. फोनच्या स्पीकरमधून बास येत नाही, आणि बास नसेल तर इथे निम्मं गाणं गेलं.

जागा ओळखून घ्या

हा अल्बम एका पत्त्यावर उभा आहे: क्वीन्सब्रिज हाउसेस, लाँग आयलंड सिटी, क्वीन्स, न्यूयॉर्क. ईस्ट रिव्हरच्या काठी, क्वीन्सबरो पुलाच्या शेजारी १९३९ च्या सुमारास उभी राहिलेली सरकारी वसाहत. सहा मजली विटांच्या इमारती, वरून पाहिल्या तर इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या, आणि त्यांत तीन हजारांवर घरं. अमेरिकेतली ही सगळ्यात मोठी सार्वजनिक गृहवसाहत मानली जाते. रॅपमध्ये सारखा येणारा ‘प्रोजेक्ट्स’ हा शब्द अशा वसाहतींसाठी आहे. आपल्याकडे त्याचं झटकन ‘झोपडपट्टी’ असं भाषांतर होतं, ते चुकीचं चित्र उभं करतं. इमारती पक्क्या होत्या, लिफ्ट होत्या, मधे बाकं आणि झाडं होती. १९८० च्या दशकात क्रॅक कोकेन आलं आणि त्याच बाकांवर, त्याच लॉब्यांमध्ये धंदा बसला. लॉबी आणि बाक हे दोन्ही ध्यानात ठेवा, गाण्यांत परत भेटणार आहेत.

नाझचं पूर्ण नाव नासिर जोन्स. जन्म सप्टेंबर १९७३ चा. न्यूयॉर्कच्याच ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्कने ११ ऑगस्ट १९७३ ला जी पार्टी केली, तिथून हिप-हॉपची सुरुवात मोजायची प्रथा आहे, म्हणजे पोरगा आणि ही कला एकाच वयाची. वडील ओलू डारा जॅझ वादक, आई टपाल खात्यात नोकरीला. वडील पुढे घर सोडून गेले, मुलाने आठवीनंतर शाळा सोडली. मे १९९२ मध्ये त्याचा जिवाभावाचा मित्र विली ग्रॅहम, म्हणजे ‘इल विल’, वसाहतीतच गोळी लागून गेला. नाझचा भाऊही त्याच रात्री जखमी झाला. अल्बममध्ये विलचं नाव येत राहतं.

अजून एक गोष्ट माहीत असू द्या. क्वीन्सब्रिजला रॅपचा स्वतःचा इतिहास होता. प्रोड्यूसर, म्हणजे गाण्याचा साज रचणारा, मार्ली मार्ल आणि रॅपर एमसी शॅन इथलेच. १९८६-८७ मध्ये ब्रॉन्क्सच्या केआरएस-वन या रॅपरशी त्यांची गाण्यांतून जाहीर जुगलबंदी झाली आणि तीत क्वीन्सब्रिजला मार खावा लागला, असंच सगळे मानतात. त्यामुळे १९९१ मध्ये मेन सोर्स या गटाच्या एका गाण्यात १७ वर्षांचं एक अनोळखी पोरगं येऊन सगळ्यांवर मात करून गेलं, तेव्हा वसाहतीच्या दृष्टीने ते नुसतं एक नवीन नाव नव्हतं.

शब्द सोडा, नुसता साज ऐका

सुरुवात चौथ्या ट्रॅकपासून करा: ‘द वर्ल्ड इज युअर्स’. सगळ्यात मऊ गाणं हेच आहे आणि यात गाता येईल असं थोडंफार ध्रुवपदही आहे. पहिल्यांदा ऐकताना नाझ काय म्हणतो याकडे चक्क दुर्लक्ष करा. मागे पियानोचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा फिरतोय, तो पकडा.

हा तुकडा प्रोड्यूसर पीट रॉकने अहमद जमाल या जॅझ पियानोवादकाच्या १९७० च्या रेकॉर्डमधून उचलला आहे. याला सॅम्पल म्हणतात आणि तो सतत फिरवत ठेवला की लूप. पीट रॉकचं आवडतं यंत्र एसपी-१२००. त्यात सगळं मिळून जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावायचा. मग ही मंडळी युक्ती करत: मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या गतीची रेकॉर्ड ४५ वर वाजवून आवाज कमी वेळात कोंबायचा आणि यंत्रात गेल्यावर परत खाली उतरवायचा. या उतरवण्यात आवाजाची धार जाते, थोडी खरखर येते, सूर जाडसर होतो. त्या काळच्या रॅपचा जो धुळकट, उबदार पोत आहे, तो बऱ्याच अंशी यंत्राच्या या कंजूषपणातून आलेला आहे. आज लोक हजारो रुपयांचं सॉफ्टवेअर घेऊन तीच खरखर मुद्दाम घालतात!

आता ड्रम. बीट चारचा आहे: एक, दोन, तीन, चार. एकवर आणि तीनच्या आसपास जाड आवाजाचा किक, दोनवर आणि चारवर स्नेअरचा फटका. आपण तबला ऐकत वाढलेलो असलो की मान आपोआप समेवर पडते, म्हणजे इथल्या ‘एक’वर. इथे मान दोनला आणि चारला पडली पाहिजे. हे वाचायला क्षुल्लक वाटेल, पण रॅप ‘लागायला’ लागण्यातली सगळ्यात मोठी अडचण हीच असते. चार मोजांचा एक बार. असे साधारण सोळा बार झाले की एक व्हर्स, म्हणजे कडवं. बोटं मोजत एक कडवं पार करा, नाझला मधे येऊ देऊ नका. आवर्तन मोजायची सवय असेल तर दोन खेपांत जमेल.

ते जमलं की दहावा ट्रॅक लावा, ‘इट एन्ट हार्ड टु टेल’. सुरुवातीलाच ‘अरे, हे तर ऐकलंय’ असं होईल. मायकल जॅक्सनच्या ‘ह्यूमन नेचर’मधलाच तुकडा आहे तो, फक्त त्याच्याखाली जाड ड्रम घातले आहेत. ओळखीचा सूर अनोळखी जागी नेऊन ठेवायचा, ही लार्ज प्रोफेसरची हातोटी.

इथे थोडं थांबून एक लक्षात घ्या. या अल्बमवर पाच प्रोड्यूसर आहेत: डीजे प्रीमियर, लार्ज प्रोफेसर, पीट रॉक, ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या गटाचा क्यू-टिप आणि नाझच्या ओळखीतला एल.ई.एस. त्या काळी रॅप अल्बम बहुधा एकाच प्रोड्यूसरचा किंवा एकाच टोळीचा असे. एका २० वर्षांच्या नवशिक्यासाठी शहरातले इतके वरचे लोक आपापला माल घेऊन आले, हे नवीन होतं. पुढे सगळेच तसं करायला लागले आणि बहुतेकांचे अल्बम त्यामुळे विस्कटले. इथे ते झालं नाही, कारण प्रत्येकाने मोजकंच वाजवलं आहे. एक लूप, ड्रम, बास, क्वचित एखादा स्क्रॅच, म्हणजे रेकॉर्ड हाताने पुढे-मागे घासून काढलेला आवाज. बाकी जागा पोरासाठी मोकळी सोडली आहे.

मग आवाज

दुसरा ट्रॅक, ‘एन.वाय. स्टेट ऑफ माइंड’. रात्री ऐका. प्रीमियरने जो चेंबर्सच्या एका जॅझ रेकॉर्डमधला खालच्या पट्टीतला पियानो घेतला आहे, आणि त्याच्या वर डोनाल्ड बर्डच्या रेकॉर्डमधला बारीक, टोचणारा सूर. बीट सुरू होतो, नाझ आधी नुसता बोलतो, आणि हे सुरू कसं करावं कळत नाहीये, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो. लगेच तो सुटतो. प्रीमियरने अनेक मुलाखतींत सांगितलंय की ते पुटपुटणं खरं होतं आणि त्यामागून आलेलं पहिलं कडवं एका दमात रेकॉर्ड झालं.

इथे ऐकायचं आहे ते यमक. साध्या रॅपमध्ये यमक ओळीच्या टोकाला येतं, धप्पकन. नाझ ते ओळीच्या पोटात पेरतो. अगदी सुरुवातीलाच ‘मंकी फ्लिप-एम’ आणि ‘फंकी रिदम’ ही जोडी येते, पाठोपाठ ‘किकिन’, मग ‘म्युझिशन’, ‘इन्फ्लिक्टिन’, ‘कॉम्पोझिशन’. अर्थ राहू दे, नुसते तोंडाने म्हणून बघा. सगळ्यांत तोच ऱ्हस्व ‘इ’ धावतोय, मधे व्यंजनं बदलताहेत. शिवाय वाक्य बारच्या शेवटी संपत नाही, पुढच्या बारमध्ये सांडतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला ठरलेली जागा मिळत नाही. गाणंभर फक्त दोन लांबलचक कडवी आहेत. मधे ध्रुवपद म्हणून रकीमच्या जुन्या रेकॉर्डमधल्या तीन-चार शब्दांवर प्रीमियरने मारलेला स्क्रॅच. रकीम हा १९८७ पासूनचा या कलेतला मोठा माणूस, पोटातलं यमक त्यानेच रूढ केलं. त्याचाच आवाज मधोमध बसवणं म्हणजे पोराने आपण कुणाकडून शिकलो ते उघड सांगणं.

आवाजाची जातही बघा. ओरडत नाही. १९९४ च्या आसपास अनेक रॅपर दम देऊन, गर्जना करून रॅप करत. नाझचा सूर जवळजवळ सपाट आहे, थोडा घोगरा, आणि तो जे सांगतोय ते भीषण असलं तरी त्यात फरक पडत नाही. मला विचाराल तर या अल्बमचं मोठेपण याच संयमात आहे.

आता शब्द घेऊन बसा

गाण्यांचे शब्द नेटवर सहज मिळतात. शब्द समोर ठेवून एका वेळी एकच गाणं घ्या. टिपा देणाऱ्या साइट्सवर बोलीतले शब्द समजतील, पण तिथला प्रत्येक अर्थ खरा मानू नका. उत्साही चाहते साध्या ओळीतूनही तीन-तीन गूढार्थ काढतात.

त्याच ‘स्टेट ऑफ माइंड’मध्ये एक प्रसंग आहे. गोळीबार सुरू होतो, निवेदकही बंदूक काढतो. बायकांच्या किंकाळ्या ऐकू येतात, त्याचा हात थरथरतो, त्याच्याच्याने बघवत नाही. पुन्हा चाप ओढतो तर नुसता ‘क्लिक’. बंदूक अडकली. ओढून पाहतो तर तीन गोळ्या आत फसलेल्या. मग तो पळत इमारतीच्या लॉबीत शिरतो, आणि लॉबी लहान मुलांनी भरलेली आहे. बस्स. त्या मुलांचं पुढे काय झालं, त्याला काय वाटलं, काही नाही. कडवं पुढे निघून जातं. ‘गँगस्टर’ गाण्यात निवेदकाचा हात थरथरत नसतो आणि बंदूक अडकत नसते. नाझ फुशारकी मारणाऱ्यांच्याच भाषेत बोलतो, पण त्याची नजर बघणाऱ्याची आहे.

यापेक्षाही जवळून बघायचं असेल तर सातवा ट्रॅक, ‘वन लव्ह’. ही पत्रं आहेत, तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली. क्यू-टिपने हीथ ब्रदर्सच्या रेकॉर्डमधून घेतलेला कालिंबा या अंगठ्यांनी वाजवायच्या आफ्रिकी वाद्यासारखा टुणटुणता आवाज मागे वाजत राहतो. पहिल्या पत्रातला मजकूर साधारण असा: कसा आहेस, आत दिवस कठीण जात असतील. पोलिस आले तेव्हा माझ्या घरी सटकायला हवं होतंस. आणि हो, अभिनंदन, तुला मुलगा झाला. तुझ्यासारखा दिसतो म्हणे. तुझी बाई तुला पत्र का लिहीत नाही? मग वस्तीतल्या बातम्या: कोण कुणाबरोबर फिरतंय, कोणाच्या भाचीला गोळी लागली, कोणतं पोरगं आता धंद्याला लागलं. शेवटी, तुझ्या कँटीनच्या खात्यात ५० डॉलर भरून ठेवलेत.

मुलगा झाल्याची बातमी आणि बायको पत्र लिहीत नसल्याची चौकशी एका दमात. सहानुभूतीचा एक शब्द नाही, आणि तुरुंगातल्या माणसाला नेमकं जे हवं असतं तेच सगळं त्यात आहे: घरची खबर, गल्लीची खबर, थोडे पैसे.

तिसरं कडवं पत्र नाही. लिहिणारा वस्तीतल्या बाकावर बसलाय आणि तिथे १२ वर्षांचं एक पोरगं भेटतं. नशा करतंय, अंगात गोळी-रोधक जाकीट, धंद्याच्या गोष्टी अनुभवी माणसासारख्या सांगतंय. आपला निवेदक स्वतः फार तर २० चा, पण त्या क्षणी तो अचानक वडीलधारा होतो आणि दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगून उठतो. त्या गोष्टीही ‘हे सगळं सोड’ अशा नाहीत. शांत डोक्याने राहा, पोलिसांवर लक्ष ठेव, जमलं तर यातून वर ये. एवढंच. तो जे देऊ शकतो तेवढंच देतो, आणि म्हणूनच ते खरं वाटतं.

चौथ्या ट्रॅककडे आता शब्दांसकट परत या. पहिल्याच ओळीत नाझ महागडी शँपेन पीत ‘गांधी’ सिनेमा बघतोय! अंगात बळ येईपर्यंत बघतो आणि मग वहीत लिहायला बसतो, शब्द समासाच्या बाहेर जाईपर्यंत. गाण्याचं नाव मात्र ‘स्कारफेस’ या गुंडाच्या सिनेमातून घेतलेलं. एका बाजूला गांधी, दुसऱ्या बाजूला स्कारफेस आणि मधे वही घेऊन बसलेला पोरगा. पुढे तो मुलीचं नाव काय ठेवावं याचा विचार करताना दिसतो, आपल्या आयुष्याचं नेमकं वर्णन करील असा एखादा शब्द शोधतो. त्याची मुलगी डेस्टिनी १९९४ मध्येच जन्मली.

आता सलग

दिवा मालवून वगैरे ऐकायची गरज नाही, पण ४० मिनिटं फोन बाजूला ठेवा. मूळ रेकॉर्डच्या दोन बाजूंना ‘फोर्टिएथ साइड नॉर्थ’ आणि ‘फॉर्टी-फर्स्ट साइड साउथ’ अशी नावं आहेत, वसाहतीच्या ४० आणि ४१ क्रमांकाच्या रस्त्यांवरून. त्यामुळे पाचव्या ट्रॅकनंतर चहा करायला उठलात तर ते रीतसर आहे.

पहिला ट्रॅक ‘द जेनेसिस’ म्हणजे रेल्वेचा खडखडाट आणि १९८३ च्या ‘वाइल्ड स्टाइल’ या हिप-हॉपवरच्या सिनेमातला संवाद. मागे बारीक आवाजात नाझचं १९९१ चं ते पहिलं कडवं वाजतंय. मग मित्रांच्या गप्पा. अनेक जण हा ट्रॅक पुढे ढकलतात, तसं करू नका. दुसऱ्या ट्रॅकचा पियानो या गोंगाटातून बाहेर पडतो तेव्हाच नीट अंगावर येतो.

तिसऱ्यात, ‘लाइफ्स अ बिच’मध्ये, अल्बमवरचा एकमेव पाहुणा रॅपर आहे: एझी. तोवर त्याला बाहेर कुणी ओळखत नव्हतं आणि अनेकांच्या मते या गाण्यात तो नाझला भारी पडतो. मीही त्याच पक्षाचा. त्याचं कडवं म्हणतं की मरायचंच आहे तर मजा करून घ्या. त्यावर नाझ येतो आणि विसावा वाढदिवस उजाडल्याचं सांगतो: सकाळी लवकर उठलो, वीस पूर्ण झाले, कृपा म्हणायची, आयुष्याचा पाव हिस्सा तर पार पडला. ज्या वस्तीत विसावा वाढदिवस हीच कमाई आहे, तिथला आनंद. शेवटी कॉर्नेट वाजतं, ट्रम्पेटच्या कुळातलं ते लहानसं वाद्य. वाजवणारे ओलू डारा, नाझचे वडील. गाणं विरत जातं तसं ते वाजत राहतं. घरातून निघून गेलेला बाप मुलाच्या पहिल्या अल्बमवर शब्दांशिवाय येऊन जातो. याबद्दल अल्बममध्ये कुणी काही बोलत नाही.

‘हाफटाइम’ हे सगळ्यात जुनं, १९९२ चं गाणं. आवाज कोवळा आहे, फुशारकी जास्त. ‘मेमरी लेन’मध्ये रूबेन विल्सनच्या ऑर्गनवर वस्तीतले जुने दिवस. ‘वन टाइम फॉर युअर माइंड’ मला भरतीचं वाटतं, आणि अल्बमच्या कट्टर भक्तांमध्येही त्याची बाजू घेणारे थोडेच. ‘रेप्रेझेंट’चा तो किंचित वेडसर ऑर्गन मूकपटासाठी वाजवलेल्या संगीताच्या रेकॉर्डमधून आला आहे. त्यात नाझ शेवटी मित्रांची नावं घेत सुटतो. मग मायकल जॅक्सन, आणि संपलं.

मुखपृष्ठही एकदा नीट पाहा. सात वर्षांच्या नाझचा चेहरा आणि त्यातून आरपार दिसणारी क्वीन्सब्रिजची गल्ली. रॅप अल्बमवर लहानपणीचा फोटो टाकायची पद्धत या अल्बमनंतर फोफावली.

खटकेल ते खटकू द्या

शिव्या भरपूर आहेत. काळ्या माणसांसाठीचा तो कुप्रसिद्ध इंग्रजी शब्दही पावलोपावली आहे. त्यांनी आपापसात वापरणं वेगळं आणि आपण गाण्याबरोबर मोठ्याने म्हणणं वेगळं. ओळ पाठ झाली तरी तो शब्द गिळा. परदेशात कार्यक्रमाला गेलात तर हे विशेष सांभाळा.

बायकांच्या बाबतीत अल्बम तोकडा आहे. ज्या दोन-चार येतात त्या किंचाळायला, फसवायला किंवा पत्र न लिहायला. नाझचं वय आणि काळ सांगून यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. गंमत अशी की या अल्बमला वाट करून देणाऱ्यांत दोन बाया ठळक आहेत. कोलंबियात त्याला करारबद्ध करणारी फेथ न्यूमन, आणि ‘द सोर्स’ मासिकात त्याला पाचपैकी पाच माइक देणारी मिन्या ओ. पाच माइक हा त्या मासिकाचा सर्वोच्च मान होता आणि पदार्पणाच्या अल्बमला तो सहजासहजी मिळत नसे.

आणि हो, ‘सगळ्यांनी डोक्यावर घेतलं’ हे नंतरचं. पहिल्या आठवड्यात बिलबोर्डच्या यादीत अल्बम बाराव्या क्रमांकावर आला आणि मग विक्री रेंगाळली. ५ लाख प्रतींचा ‘गोल्ड’ शिक्का मिळायला १९९६ उजाडलं, १० लाखांचा ‘प्लॅटिनम’ २००१ मध्ये. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत तो घेतला २०२१ मध्ये. तेव्हा तुम्हाला पहिल्या आठवड्यात तो आवडला नाही तर काही बिघडत नाही.

पुढे काय ऐकाल

रकीमचं मूळ ऐकायचं तर ‘पेड इन फुल’ (१९८७). त्याच वसाहतीतून आलेला, पण कितीतरी थंड आणि क्रूर सूर हवा असेल तर मॉब डीपचा ‘द इन्फेमस’ (१९९५). त्याच १९९४ च्या सप्टेंबरमध्ये ब्रुकलिनहून आलेला नोटोरियस बी.आय.जी.चा ‘रेडी टु डाय’ लगोलग ऐकलात तर दोन पोरांच्या स्वभावातला फरक कळेल. बिगीला श्रोता हसायला, घाबरायला, रडायला हवा असतो. नाझला श्रोता आहे की नाही याचीही फारशी फिकीर दिसत नाही.

मुंबईशी धागा जुळतो तो २०१९ मध्ये. ‘गली बॉय’चा नाझ कार्यकारी निर्माता होता, आणि त्याच वर्षी त्याच्या ‘मास अपील’ कंपनीने भारतात शाखा काढून अंधेरीच्या डिव्हाइनला पहिला कलाकार म्हणून घेतलं. मराठीतून वस्तीचं रॅप ऐकायचं असेल तर मुंबईच्याच ‘स्वदेसी’ गटातल्या मराठी कडव्यांपासून सुरुवात करा.

पण त्याआधी एक काम कराच. अहमद जमालचा ‘द अवेकनिंग’ हा १९७० चा अल्बम काढा आणि त्यातलं ‘आय लव्ह म्युझिक’ लावा. सात-एक मिनिटांची चीज आहे, सुरुवातीला ओळखीचं काहीच सापडणार नाही. जमाल एकटाच स्वरांशी खेळत बसलाय. फोनला हात लावू नका, पुढे ढकलू नका. बरंच पुढे गेल्यावर बास आणि ड्रम येऊन मिळतात, आणि एका ठिकाणी, दुसऱ्या कशाकडे तरी जाता जाता, तो पियानो पीट रॉकचा तुकडा वाजवून निघून जातो.